धक्क्यावर न आलेली होडी

लिंडाल्वाची खोली आणि माझं आसाईच्या फळांचं दुकान यांच्यात एका फळीची भिंत आहे, त्यामुळे तिचा सगळा संसार मला फुकटात ऐकू येतो. मी सकाळी आसाईचा गर काढायचं मशीन लावलं की ती भिंत बडवते.

"झुल्मीरा काकी, जरा बंद कर गं तुझा खडखडाट! मला माझा आवाज ऐकू येत नाहीये!"

मी काय गप्प बसणारी आहे? "तुझ्या आवाजाने कुणाचं पोट भरत नाही, बये! या निम्म्या गल्लीचं जेवण माझ्या खडखडाटातून निघतं!"

मग ती खोखो हसते आणि मी मशीन बंद करते. खरं सांगू का, मलाही ऐकायचं असतं.

लिंडाल्वा कॉम्प्युटरवर आवाज घडवते. गाणी नाही, नुसते आवाज. आमच्या बेलेम शहरात भिंतीएवढे स्पीकर घेऊन गावोगाव नाचाचे कार्यक्रम करणारे ताफे आहेत. त्यातल्या 'पिरारारा' नावाच्या ताफ्यासाठी ती काम करते. आधी ती शिवणकाम करायची. चाळिशी उलटल्यावर शिलाई मशीन विकून टाकलं आणि जुना कॉम्प्युटर घेऊन बसली. मी तिला वेड्यात काढलं, आणखी काय करणार?

एकदा मी विचारलं, "दिवसभर ते एलएफओ, एलएफओ काय पुटपुटतेस? कुणी देव आहे का?"

ती माझ्या झोळीकडे बोट दाखवून म्हणाली, "काकी, तू झोळीत झोके घेत गातेस ना? झोळी काही गात नाही. पण तुझा आवाज जवळ येतो, लांब जातो. एलएफओ म्हणजे तशी झोळी. इतकी सावकाश लहर, की तिचा स्वतःचा आवाज कानाला येतच नाही. पण जो आवाज तिच्यात बसवशील त्याला ती हलवत राहते. कधी लहानमोठा करते, कधी वरखाली, कधी त्याचा गळा आवळते आणि सोडते."

"आणि एका झोळीला दुसरी झोळी टांगली तर?"

तिने कपाळावर हात मारला. "अगं, तेच तर करतेय मी आठवडाभर!"

करत काय होती, तर बापाच्या होडीचा आवाज.

तिचे वडील आन्सेल्मो. नदीवर साठ वर्षं काढलेला माणूस. आमच्या होड्यांना पोपोपो म्हणतात, कारण त्यांचं इंजिन तेच बोलतं. पण प्रत्येकीचं बोलणं वेगळं. किनाऱ्यावरची बाई चुलीपासून न उठता सांगते, कुणाची होडी आली. आन्सेल्मोची होडी लंगडायची. तीन ठोके सरळ, मग एक अडखळलेला, मग घसा खाकरल्यासारखी घरघर. गेल्या वर्षी तिचं लाकूड कुजलं, इंजिन भंगारात गेलं. तेव्हापासून म्हातारा गप्प झाला. जेवायचा, नदीकडे बघत बसायचा, बस. त्या आवाजाची टेप कुणी करून ठेवली नव्हती. कोण ठेवणार? रोज ऐकू येणारी गोष्ट कुणी जपून ठेवतं का?

तशात ताफ्याच्या मालकाने, वाल्देसिरने, लिंडाल्वाला बजावलं. "रविवारी नदीतल्या बेटावर नाच आहे. मला घेऊन मंच यंत्राने वर चढतो, तेव्हा असा आवाज पाहिजे की सगळं नाचघर उसळलं पाहिजे. लोक थंड बसले तर पुढच्या वेळेपासून मी रेसिफे शहरातल्या माणसाकडून आवाज घेणार. मग तू आहेस आणि तुझी सुई आहे."

सुईचं नाव काढलं आणि लिंडाल्वाचा चेहरा उतरला. मी तिच्या जागी असते तर त्याला झाडूच दाखवला असता!

तिने मंचासाठी होडीचाच आवाज द्यायचं ठरवलं. रविवारपर्यंत भिंतीपलीकडून पो-पो-पो चालूच राहिलं. पहिल्या लहरीने ठोके पाडले. पण ते घड्याळासारखे पडायला लागले, मेले! मग तिने दुसरी, आणखी सावकाश लहर घेतली आणि तिच्याकडून पहिलीचा वेग कमीजास्त करवला. आता चाल लंगडी झाली. तिसरी लहर वेडीवाकडी, कधी काय करेल नेम नाही. तिने ती घरघरीच्या गळ्याशी लावली. आता पंचाईत अशी, की लंगड्या आवाजावर नाचायचं कसं? तिने युक्ती केली. लहर मधे हवी तेवढी अडखळू दे, पण समेला तिला मुकाट्याने पहिल्या पावलावर आणायची.

रविवारी दुपारी आम्ही सगळे बेटावर. मी मासे तळत होते. आन्सेल्मोलाही लिंडाल्वाने ओढून आणलं, पण तो नाचघरात येईना. "मला नको तुमचा गोंगाट," म्हणाला आणि धक्क्यावर जाऊन बसला.

ऊन कलल्यावर वाल्देसिरचा मंच धूर सोडत वर चढू लागला. लिंडाल्वाने बटण दाबलं. पो, पो, पो... पो. घर्रर्र.

आणि सगळं नाचघर उठलं. उठलं ते थेट बाहेर पळालं! बायकांनी पिशव्या उचलल्या, पोरं काखेत मारली. "चला, चला, शेवटची होडी आली!" रविवारची शेवटची फेरी वर्षानुवर्षं आन्सेल्मोची असायची. ती चुकली की बेटावर मुक्काम. होडी मोडलीय हे डोक्याला माहीत होतं, पण पायांना कोण सांगणार? मीसुद्धा तळणीतले मासे टाकून धावले, आता बोला!

वर मंचावर वाल्देसिर एकटाच. "बाई, नाचघर रिकामं केलंस माझं! संपलं तुझं काम!" लिंडाल्वा पांढरीफटक पडली आणि आमच्या मागे धावत आली.

धक्क्यावर होडी नव्हती. आन्सेल्मो मात्र उभा होता. हातात दोरखंड, होडी लागली की बांधायला तयार.

मीच म्हटलं, "अहो, ती होडी तर गेल्या वर्षीच मोडली!" एवढं हसू फुटलं की माणसं धक्क्यावर गडाबडा लोळायची बाकी राहिली. कुणीतरी ओरडलं, "लिंडाल्वा, परत लाव!" आणि सगळे आले त्याच्या दुप्पट वेगाने आत पळाले. नंतर असे नाचले की फळ्या निघतील असं वाटलं. वाल्देसिर माईकवर ओरडत होता, "आमच्या लिंडाल्वाचा आवाज!" आमच्या म्हणे! मेल्याला लाज नाही.

आन्सेल्मो दोरखंड हातात घेऊनच आत आला. स्पीकरवर तळवा टेकून, डोळे मिटून उभा राहिला. लिंडाल्वा बाजूला उभी. मला रडू येत होतं, खोटं कशाला बोलू?

"बाबा, बरोबर आहे का?"

म्हाताऱ्याने डोळे उघडले.

"पावसात ती जरा खालच्या सुरात बोलायची, पोरी. ते राहिलंय," तो म्हणाला. "उद्या मला शेजारी बसव. मी सांगतो."

तेव्हापासून माझं मशीन लागलं की दोघं मिळून भिंत बडवतात.