आधी समोरच्याचे ‘व्हय’

इंदुमतीबाई शेटगांवकर यांना मी पहिल्यांदा पाहिले ते डिचोलीत, एका वादविवाद स्पर्धेत. आम्ही दोघे परीक्षक होतो. मी महाविद्यालयात मराठी शिकवायला नुकताच लागलो होतो. बाई पेडण्याकडच्या एका शाळेत शिकवत आणि त्यांचा दबदबा मी ऐकून होतो. विषय खाणींचा होता. बाहेरून खनिजाचे ट्रक जात आणि प्रत्येक वेळी बोलणाऱ्याला थांबावे लागे. एक मुलगी फार चांगली बोलली. सगळ्या टाळ्या तिला मिळाल्या. निकालाआधी बाईंनी तिला जवळ बोलावले. “तुझ्याविरुद्ध जो मुलगा बोलला, त्याचे म्हणणे काय होते?”

“खाणी बंद करू नका, असे म्हणत होता.”

“ते विषयातच आहे. तो काय म्हणत होता?”

तिला सांगता आले नाही. बाईंनी तिला पहिला क्रमांक दिला नाही. मी भांडलो. परतीच्या बसमध्ये म्हापशापर्यंत भांडत होतो. स्टँडवर उतरल्यावर बाई म्हणाल्या, “आता माझे म्हणणे काय ते तुम्ही सांगा.” मी सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. “निम्मेच झाले,” असे म्हणून त्या पेडण्याच्या बसमध्ये चढल्या.

राहिलेल्या निम्म्यासाठी मी त्यांच्या गावी जाऊ लागलो. अजून जातो.

गाव नदीकाठी आहे. पोर्तुगीज अमदानीच्या अखेरच्या काळात गावच्या होडीच्या धक्क्यावर सभेला जमलेल्या निःशस्त्र माणसांवर शिपायांनी गोळ्या झाडल्या. त्या गोऱ्या शिपायांना गाव आजही पाखले म्हणते. मेलेल्यांत बाईंचे वडील होते. बाई तेव्हा आईच्या कडेवर होत्या. हे मला बाईंनी सांगितले नाही, गावाने सांगितले.

त्या दिवसाला गावाने नाव दिलेले नाही. ‘धक्क्यार जावया’ एवढेच म्हणतात. मी प्रथम गेलो तेव्हा तिथे पुष्पचक्र वाहिले जाई, पणजीहून कोणी येऊन भाषण करी, शाळेची मुले गाणी म्हणत आणि जेवणवेळेआधी कदेली, म्हणजे खुर्च्या, उचलून टेंपोत चढवल्या जात. भाषणांत सगळे मेलेले एकसारखे असत. बाईंना ते खटके. “त्यांतला एकजण बायकोशी भांडून धक्क्यावर गेला होता,” त्या एकदा मला म्हणाल्या. “भाषणात ते येत नाही. मग तो खरोखर मेला असे मला वाटतच नाही.”

बाईंनी भाषणे बंद केली नाहीत. आखूड केली. उरलेल्या वेळात त्यांनी तीन गोष्टी आणल्या: आदल्या दुपारी शाळेच्या सभागृहात जाहीर चर्चा, संध्याकाळी देवळापुढे नाटक, आणि सकाळी धक्क्यावर गाऱ्हाणे. आमच्याकडे गाऱ्हाण्याशिवाय कोणतेही काम सुरू होत नाही. गावचा मानकरी देवापुढे उभा राहून मागणे मांडतो आणि प्रत्येक वाक्याला जमलेले लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. बाईंच्या सांगण्यावरून मानकरी धक्क्यावर मेलेल्यांची नावे घेऊ लागले. एक नाव, मग गावाचे व्हय. मग दुसरे.

नाटक गावातले दशावतारी करीत. पहिल्या वर्षी पाखल्यांच्या अधिकाऱ्याचे काम नारायणकडे आले. तो एरवी राक्षस करतो. दशावतारातला राक्षस पखवाज आणि झांजांच्या गजरात येतो, आणि नारायणने तालमीत तसाच प्रवेश घेतला. बाईंनी वाद्ये थांबवली.

“बाई, झांज नाय तर माझो पाय उचलणा नाय.”

“मगे पाय ओढीत ये. तो माणूस होतो, नारायणा. तेचेय आवस-बापूस घरी वाट बघीत आसतले. तेका राक्षस केलंस की आमी सगळे सुटलों.”

नारायण रंगमंचावर आला तो काहीही न वाजता, रुमालाने मान पुसत. चणे खाणाऱ्यांचे हात थांबले. दुसऱ्या दिवशी बाजारात एका म्हातारीने नारायणला मासळी दिली नाही. त्याला मिळालेली ती सर्वांत मोठी पावती, असे तो अजून सांगतो.

चर्चेचा नियम बाईंनी गाऱ्हाण्यातूनच घेतला. बोलायला उठणाऱ्याने आधी समोरच्याचे म्हणणे मांडायचे. समोरच्याने ‘व्हय’ म्हटले की मगच स्वतःचे. समोरचा ‘ना’ म्हणाला तर पुन्हा मांडायचे. नियम सोपा वाटतो. पहिल्या वर्षी अर्धी दुपार एकाच ‘व्हय’साठी गेली, आणि मागून कोणीतरी ओरडले, “व्हय म्हण रे बाबा, च्या थंड जाता.” भाषेला बंधन नव्हते. कोणी पुस्तकी मराठीत बोले, कोणी घरच्या बोलीत. मराठी की कोंकणी हा वाद मात्र बाई आत येऊ देत नसत. “तो म्हापशाच्या बाजारात ठेवून या,” त्या दारातच सांगत. “शुक्रवारी बाजार भरला की परत घ्या.”

त्यांच्या जिव्हाळ्याबद्दल लिहिले तर बाईंना आवडणार नाही, म्हणून एकच लिहितो. माझी पत्नी पणजीला इस्पितळात होती तेव्हा बाई दोन बस बदलून पेज घेऊन येत. विचारपूस करीत नसत. डबा ठेवीत, पत्नीच्या केसांत फणी फिरवीत आणि माझ्याकडच्या न तपासलेल्या उत्तरपत्रिका उचलून नेत. उत्तरपत्रिका तपासून परत आल्या तेव्हा एका पेपरावर माझ्यासाठी शेरा होता: ‘प्रश्नच चुकला आहे. सर्वांना गुण द्यावेत.’ मी दिले.

आता होडीवाल्याविषयी.

पाखले पलीकडच्या काठावरून आले ते गावच्याच होडीतून. होडीवाल्याने त्यांना आणले. धक्क्यावरचा गोळीबार संपल्यावर त्यांनी त्यालाही गोळी घातली. का, ते कोणाला ठाऊक नाही. गाऱ्हाण्यात त्याचे नाव कधीच नव्हते. त्याची मुलगी आनंदी धक्क्याला लागून राहते. सगळा गाव तिच्या दारावरून धक्क्यावर जाई आणि त्या सकाळी तिचे दार बंद असे. ती ऐंशीकडे झुकली तेव्हा एक दिवस बाईंकडे आली आणि म्हणाली, “बाय, माझ्या आयुष्यात एकदा बापाशीचा नाव घेतल्यानी तर बरा.”

बाई हो म्हणाल्या नाहीत. नाहीही म्हणाल्या नाहीत. चर्चेला तोच विषय ठेवला: होडीवाल्याचे नाव घ्यावे का.

सभागृह भरले. लोक खिडक्यांतून पाहत होते. विरोधात बाबल परब उठला. त्याचा आजा धक्क्यावर मेला होता. बाबल बसवर कंडक्टर होता, आवाज मोठा, गावात त्याला मान. समोर आनंदी, कदेलीवर, मांडीवर हात ठेवून. बाई अध्यक्षस्थानी होत्या. मी त्यांच्या बाजूला बसलो होतो आणि मला त्या वर्षी प्रथमच वाटले की त्यांनी तिथे बसायला नको होते.

“आनंदीमावशे,” बाबल म्हणाला, “तुझा म्हणणा असा, की तुझ्या बापाशीक बंदूक लायली, म्हणान तेणी होडी हाडली.”

“ना.”

“तेका म्हायतच नव्हता, ते कित्याक येतत ता.”

“ना. म्हायत होता.”

कोणीतरी हसले. बाबल चिडला. “मगे तूच सांग गो.”

“मी सांगूचा नाय. तुका सांगूचा पडतला.”

बाबलने बाईंकडे पाहिले. बाई खाली पाहत होत्या. तो पुन्हा बोलला तेव्हा त्याचा कंडक्टरचा आवाज गेला होता.

“तो भियालो.”

आनंदीने मान वर केली.

“भियालो, आणि तेंका घेवन इलो. आणि मेलो.” बाबल आनंदीकडे वळला. “आमच्यांवांगडा मेलो.”

“व्हय,” आनंदी म्हणाली.

वांगडा म्हणजे सोबत. आमच्या बोलीतला रोजचा शब्द. बाजाराला वांगडा जातात, जेवायला वांगडा बसतात. आनंदीला बाप निर्दोष ठरवून नको होता. तिला हा एक शब्द हवा होता, आणि तो ज्याच्याकडून हवा होता त्याच्याकडून मिळाला.

पण आता पाळी तिची होती. नियम तिलाही लागू होता. ती बसूनच बोलली.

“बाबल, तू म्हणतस, माझ्या बापाशीक पोवूक येय, पाखल्यांक येय नाय. मधल्या धारेत तेणी होडी कलती केली आसती, तर तुझो आजो वांचलो आसतो.”

होडीवाल्याला पोहता येत होते आणि पाखल्यांना नाही, हे सभागृहात कोणीही कधी उच्चारले नव्हते. बाबलनेही नाही. पण गावात तेच बोलले जात असणार, दारे लावून, आणि ते तिने आयुष्यभर ऐकले असणार. बाबल ‘व्हय’ म्हणाला, आणि स्वतःचे काहीच न मांडता खाली बसला.

बाई मतदान घेत नाहीत. मते मोजली की माणसे विचार करायचे थांबतात, असे त्यांचे मत आहे. त्या चर्चा संपवायला उठल्या तेव्हा मागून एकाने विचारले, “बाई, तुमचो बापूसय थंयच मेलो. तुमचा म्हणणा कितें?”

बाईंनी चष्मा काढला. “आधी कोणीतरी मांडा,” त्या म्हणाल्या. “मी व्हय-ना सांगेन.”

कोणी उठले नाही. मीही उठलो नाही. मी इतकी वर्षे त्यांच्याकडे जात होतो आणि मला एक वाक्यही सुचले नाही. बाईंनी चहा आणायला सांगितले.

सकाळी धक्क्यावर मानकऱ्यांनी नावे घेतली. त्यांना कोणी काही सांगितले नव्हते; गाऱ्हाणे कसे मांडायचे हे मानकऱ्यांनाच ठरवायचे असते. शेवटचे नाव झाले. लोक पाया पडायला वाकू लागले. तेव्हा मानकरी आणखी एक नाव घेऊन म्हणाले, “आणि आमचो होडयेवालो, आनंदीचो बापूस, जो ह्यांच्यावांगडा गेलो, तेचीय याद ठेव, म्हाराजा.”

उत्तर आले नाही. मग बाबल परब म्हणाला, “व्हय म्हाराजा.” त्याच्या मागून काहीजण म्हणाले. आनंदीच्या घराचे दार उघडे होते. ती उंबऱ्यात उभी होती. ती म्हणाली की नाही, मला अंतरामुळे कळले नाही. बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मी ओळखतो.

सगळे म्हणाले नाहीत. काहीजण त्या नावाला अजूनही गप्प राहतात. बाई त्यांना पुढे उभे करतात. गप्प राहणे हाही चर्चेतला भाग आहे, फक्त तो मागे लपून करू नये, असे त्या सांगतात. आनंदी त्यानंतर दर वर्षी धक्क्यावर येते. गेल्या वर्षी तिने बाबलला, “येवढो उंच आसस आणि पुढे उभो रवतस, मागच्यांक दिसणा नाय,” असे सर्वांदेखत सुनावले.

बाईंना आता पंच्याहत्तर वर्षे झाली. त्यांनी गावाला, आणि गावाबाहेरच्या आम्हा कितीतरी जणांना, दुसऱ्याचे दुःख त्याच्याच शब्दांत मांडायला शिकवले. स्वतःच्या दुःखाचा एक शब्दही त्यांनी आमच्यापुढे ठेवलेला नाही, कारण नियम त्यांचाच आहे: आधी आम्ही मांडायचे. आता दर वर्षी कोणीतरी त्यांचे म्हणणे मांडायला उठतो. एकदा मीही उठलो. बाई ऐकून घेतात, हसतात आणि “ना” म्हणतात.

आम्ही सावकाश शिकणारे आहोत. तेव्हा बाईंना उदंड आयुष्य लाभो, त्यांचे पाय धक्क्याच्या पायऱ्या बिनआधाराने उतरत राहोत आणि कान असेच तीक्ष्ण राहोत, ही प्रार्थना निःस्वार्थ नाही. त्यांच्या तोंडून एक ‘व्हय’ ऐकायचे आहे. ते मिळेपर्यंत त्यांनी आमच्यात असावे.