मॉनिटरवरची चिठ्ठी

द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये आज आमच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती दाखवायला गेलो होतो. लॅपटॉप उघडणार, तेवढ्यात नोंदी करणाऱ्या सुनंदाताईंच्या मॉनिटरकडे लक्ष गेलं. कडेला चिकटपट्टीनं एक चिठ्ठी डकवली होती: 'आधी वजन कागदावर लिहिणे. मग सेव्ह.'

"ताई, हे कशासाठी?"

"अहो, सेव्ह केलं की कधीकधी वजन पुसलं जातं. मग क्रेट परत काट्यावर चढवावा लागतो. आता सवय झालीय."

ते बटण दोन वर्षांपूर्वी मीच केलेलं. एरवी शरमेनं मान खाली गेली असती, आज मात्र अक्षरशः नाचावंसं वाटलं! किती बैठका घेतल्या, किती प्रश्नावल्या भरून घेतल्या. "काही अडचण?" विचारलं की सगळे "नाही" म्हणायचे. आणि खरं उत्तर इथे, हातभर अंतरावर, रोज मला वाकुल्या दाखवत होतं. सवय झालेली अडचण कोण कशाला सांगेल? ती शेजारी बसून बघावी लागते.

मी लॅपटॉप मिटला, खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"ताई, आज तुम्ही दाखवा. मी बघतो."

त्या हसल्या आणि त्यांनी कीबोर्ड उचलला. खाली आणखी सहा चिठ्ठ्या होत्या.