हौसामावशीच्या मनगटावरचा मोर

हौसामावशीला कुनी येळ इचारली की ती आधी बांगड्या कोपराकडं सारायची, हात लांब धरायची, मान मागं न्यायची आन् म्हनायची, "पोटात शिरलाय." इचारनारं पाव्हनं असलं तर ते तिच्या पोटाकडं बघायचं. आमच्या गल्लीतलं असलं तर म्हनायचं, "आगं बया, चार वाजलं व्हय," आन् पळायचं.

तिच्या हातात तिच्या मालकांचं घड्याळ व्हतं, चावीचं, गड्याच्या मनगटाचं. मालक पलटनीत डायवर, कुठनं तरी लांबनं त्यांनी ते आनल्यालं. ते वारल्यावर मावशीनं पट्ट्याला दाभनानं आनखी भोकं पाडली आन् सोताच्या हातात घातलं. तबकडीवर एकबी आकडा न्हाई. नुसता मोर कोरल्याला, आन् त्याच्याभवती येली, पानं, कळ्या, अशी गिचमीड की त्यात काटं हुडकाय लागायचं. मावशीला आकडं येतबी न्हवतं. म्हनायची, "आकडं बँकंत बघावं. येळंला मोर बास हाय."

माझं म्हायेर आटपाडीकडचं, दिली हितं मेढ्याच्या वर डोंगरात. आमचं हे पलटनीत, सासूबाई मी यायच्या आदीच गेल्याल्या, घरात मी आन् मामंजी, आन् मामंजी लाजून माझ्याशी दारातनंच बोलायचं. तशात बाळ झालं, दिस भरायच्या आदी, एवढंसं, आन् त्ये रडायचंच न्हाई. भूक लागली तरी झोपूनच. मेढ्याच्या डॉक्टरीनबाई म्हनल्या, "दर दोन तासांनी उठवून पाजायचं. वजन वाढलं नाही तर साताऱ्याला काचेच्या पेटीत ठेवावं लागेल." मी काचंची पेटी कवा बघितली न्हाई, पन ऐकल्यापासनं मला दुसरं काय दिसंना. सारखी त्येच्या नाकाखाली बोट धरून बसायची. मोबाईलात गजर लावला, तर त्यो वाजला की मीच किंचाळायची.

शेजारनं मावशी आली. "ते बंद कर आदी. पोरगं ऱ्हातंय, तूच जाशील."

मग तिनं मला मोर शिकवला. वर तुरा, मग चोच, पोट, पाय, पिसारा, पाठ. अशा गोल सहा जागा. बारका काटा एका जागंवरनं दुसऱ्या जागंवर गेला की दोन तास झालं, पाज. दारातनंच वरडायची, "उठ, पिसारा." मी म्हनायची, मावशी, उठतच न्हाई वं त्ये. "तळवं चोळ. फौजीचं पोरगं हाय, ड्युटीला उठवायला काय लाजायचं?"

दवाखान्यात बाईंनी इचारलं, "शेवटचं कधी पाजलं?" माझ्या तोंडातनं भीतीनं निघून गेलं, "चोचीला." बाईंनी कागदावर टेकवल्यालं पेन उचललं. मावशी म्हनली, "खोटं न्हाई, मी हुती. आता पोटाला देनार." बाईंनी नर्सला हळूच सांगितलं, "यांच्या घरी आणखी कोणी आहे का, विचार."

वजन जरा वाढलं हुतं, पन बास न्हाई म्हनल्या. म्होरच्या बारीला ठरवू, साताऱ्याला धाडायचं का न्हाई.

त्यातच सांगलीसनं तिचा लेक आला, सुरेशदादा. आईवर लय जीव. घड्याळ दुरुस्तीला म्हनून घिऊन गेला आन् चार दिसांनी परत आनलं तर मोर गायब. पांढरीशिपट तबकडी, काळं ठसठशीत आकडं. "आई, आता बिगरचष्म्याचं दिसंल बघ." मावशी म्हनली, "लय झ्याक केलंस रं," आन् त्याला पोळी करून घातली. त्यो गेल्यावर ती माझ्याकडं यायची थांबली. कुनी येळ इचारली तर म्हनायची, "मोबाईल न्हाई व्हय तुमच्यात?"

मी सातवीपतूर शिकल्याली, मला आकडं येत हुतं की. पन घरात मी एकटी, आन् बाळ झोपलं की मला वाटायचं गेलंच. मी तिच्या दारात गेले. म्हनली, मावशी, चला की वं. तर म्हनली, "मी येऊन काय करू? मला काय कळतंय त्यातलं आता."

मी कुनाला फोन करायची न्हाई, दुकानातबी चिठ्ठीच म्होरं करते. पन त्या दिशी सुरेशदादाला लावला आन् एका दमात सांगितलं की दादा ती जुनी तबकडी आना, आकडं काढा, आईला आकडं येत न्हाईत, ती तुमाला बोलनार न्हाई, आन् माझं पोरगं पेटीत जाईल. दादा मग म्हनला, "वैनी, तुमी रडू नगा आदी."

तबकडी सांगलीच्या घड्याळजीच्या डब्यात पडून हुती. त्यानं बसवून दिली. पन आकडा एकबी न्हाई, येलींची गिचमीड, वर कुठलं आन् खाली कुठलं त्याला कळलंच न्हाई. मोर डोक्यावर हुबा. दादाचं तोंड बघण्यासारखं झालं. मावशीनं हात लांब धरला, मान मागं नेली. "ऱ्हाऊ दे. पलटनीत शिक्षा म्हनून असंच करत्यात."

पोराला काय फरक पडला न्हाई, कारन जागा सहाच, अंतर त्येच. गल्लीचं मातुर हाल झालं. बाराला काटा पायावर आला, मावशी सवयीनं म्हनली "पाय", तर पलीकडच्या घरातल्या म्हातारीनं भर दुपारी देवापुढं सांजंचा दिवा लावला. "आवं हौसाबाई, ऊन हाय की बाहीर." "मग उन्हाला इच्यार. मला कशाला इचारतीस?"

म्होरच्या बारीला वजनाच्या काट्यावर बाळाला ठेवलं तवा मी डोळंच मिटलं. बाई म्हनल्या, "छान. पाठवायची गरज नाही. आता उठवूही नका, भूक लागली की तोच मागेल." मला आनखीच भ्या वाटलं. आन् न्हाई मागितलं तर?

घरी आल्यावर मावशीनं घड्याळ काढलं आन् फळीवर पालथं ठेवलं. आमी गवारी मोडत बसलो. माझी नजर फळीकडं गेली की ती हातावर चापट मारायची. सगळी गवारी मोडून झाली. बाळ झोपल्यालंच. मला परत काचंची पेटी दिसाय लागली, मी बोट धराय उठनार, तेवढ्यात त्येनं आवाज केला. आदी बारीक, मांजरागत. मग असं रडलं की मामंजी पहिल्यांदाच दार वलांडून आत आलं.

माझ्या मांडीवरनं सगळी गवारी सांडली. मावशीनं मान वर केली न्हाई, शेंगा गोळा करत म्हनली, "बस की आता माझ्याच तोंडाकडं बघत. तुला बोलावल्यालं ऐकू आलं न्हाई व्हय?"