डस्टर थांबेपर्यंत

आक्काचं स्वरयंत्र काढावं लागणार हे डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा ती रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "दिवाळीच्या सुट्टीपातूर थांबलं तर चालंल का?" चालेल, पण त्यापुढे नको, असं ते म्हणाले. गाठ वाढत होती. ऑपरेशननंतर श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून घ्यायचा आणि बोलणं कायमचं बंद. बोलल्यामुळे आता आणखी काही बिघडणार नाही, तेव्हा काय बोलायचं ते बोलून घ्या, असंही म्हणाले. चांगल्या मनानंच म्हणाले असतील, पण मला त्यांचा इतका राग आला की बाहेर पडताना मी दारातल्या वॉचमनशी उगाच भांडले.

रिक्षात बसल्यावर आक्का म्हणाली, "तू त्या कंपन्यांना करून देतीस न्हवं, मोबाइलवर बघून शिकायचं? तसलं मला एक करून दे. माझं आठवीचं विज्ञान त्यात घालू."

आक्का माझी थोरली बहीण. मोडनिंबच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची, सकाळच्या एसटीनं जायची आणि दिवेलागणीला परत यायची. मी घरी बसून ऑनलाइन कोर्स बनवते. आग लागल्यावर कुठल्या दारानं पळायचं, हात कसे धुवायचे, साहेबानं त्रास दिला तर कुणाला सांगायचं, असलं सगळं परदेशातल्या नोकरदारांना शिकवणारे कोर्स. शेवटचं उत्तर बरोबर आलं की पडद्यावर रंगीबेरंगी कागदाचे तुकडे उडतात. ते उडवण्याचे मला पैसे मिळतात. लग्न दोघींनीही केलं नाही. मंगळवेढ्याकडचं गाव सोडून सोलापुरात आलो त्याला बरीच वर्षं झाली. माझी बोली शहरात घासून गुळगुळीत झाली, तिची होती तशीच राहिली.

कोर्स हवा होता तो तिच्या काही पोरींसाठी. दिवाळी झाली की या पोरी वर्गातून नाहीशा व्हायच्या. आईबाप ऊस तोडायला श्रीपूरकडे जायचे, आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला यांना बरोबर न्यायचे. परत यायच्या तेव्हा परीक्षा तोंडावर आलेली असायची. मग आक्का त्यांना शाळा सुटल्यावर बसवून घ्यायची आणि राहिलेलं सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायची. त्यापायी तिची एसटी चुकायची आणि मी घरी चिडून बसायचे. या खेपेला त्या परत येतील तेव्हा तिच्याकडे सांगायला आवाज नसणार होता. दिवाळीपर्यंत जे रेकॉर्ड होईल तेवढंच त्यांना मिळणार होतं.

मी जोरात कामाला लागले. रडू नये म्हणून माणूस कशातही डोकं घालतं. आमच्या धंद्यात सारखं काहीतरी नवं निघतं, आणि जुन्या पद्धतीनं काम करणाऱ्याकडे लोक लग्न न जमलेल्या मुलीकडे बघावं तसं बघतात. ती नजर मला चांगली ओळखू येते. म्हणून मी आधी सगळ्यात नव्या, सगळ्यात झकपक गोष्टी काढून तिच्यापुढे मांडल्या. आक्का साडीच्या दुकानात बसल्यासारखी बसली आणि एकेक बाजूला सारत गेली.

एका तयार व्यवस्थेत प्रत्येक मुलीला स्वतःचं खातं आणि पासवर्ड मिळणार होता. "पासवर्ड कुणाला?" ती म्हणाली. "घरात फोन एक, आनि तो बापाच्या खिशात." व्हिडिओ दाखवला तर म्हणाली, "उसाच्या फडात रेंज न्हाय. गोल गोल फिरत बसंल ते." अ‍ॅप करते म्हटलं, तर बापाच्या फोनमध्ये जागा नसते, फोटो पुसायला लागतात, आणि मग आधी अ‍ॅपच पुसलं जातं, हे तिला माहीत होतं. मी वैतागले. म्हटलं, "मग काय पोस्टानं पाठवू?"

"चिडतीस कशाला? एकदा उघडलं की फोनमधी ऱ्हायलं पायजे. मधीच सोडलं तर तितनंच पुढं सुरू व्हायला पायजे. बास."

शेवटी ठरलं ते आमच्या धंद्यात कुणाला सांगायची लाज वाटावी इतकं साधं होतं. एक वेब पान. रेंजमध्ये असताना एकदा उघडलं की ते फोनमध्येच साठून राहतं, मग नेट असो नसो. त्यात आक्काचा आवाज आणि तिनं हातानं काढलेल्या आकृत्या. कागदाचे तुकडे उडणार नाहीत. आक्का म्हणाली, "ते उडलं असतं तरी चाललं असतं की." एवढं एकच तिला आवडलं होतं, आणि तेवढ्यानंच फाईल जड होत होती.

ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद, रस्त्याचा येतो म्हणून खिडक्या बंद. नळाला पाणी यायचा दिवस असला की अख्ख्या इमारतीच्या मोटारी घुमायच्या, तो दिवस वाया जायचा. आतल्या खोलीत लोखंडी कपाटासमोर आक्का उभी राहायची. बसून तिला शिकवता यायचं नाही. मी पलंगावर रेकॉर्डर धरून. थोडं बोललं की तिचा घसा बसायचा, मग कोमट पाणी, मग पुन्हा. आणि तिनं शाळेतला डस्टर घरी आणला होता. तो कशाला, हे मला पहिल्याच दिवशी कळलं.

वर्गात प्रश्न विचारला की ती पोरींकडे पाठ करायची आणि फळा पुसायला लागायची. फळा स्वच्छ असला तरी पुसायची. उत्तर आलं की डस्टर थांबायचा, ती वळायची आणि म्हणायची, "बरोबर." चुकीचं आलं तर डस्टर चालूच. कुणाला चूक म्हणायची वेळच यायची नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "डोळं लावून बसलं की पोरींना सुचत न्हाय. पाठ केली की सुचतंय." घरात फळा नव्हता, म्हणून ती कपाटाचं दार पुसायची. समोर मी एकटी, घामानं निथळत. ती बराच वेळ घस घस पुसायची, थांबायची, वळायची आणि मोठ्या समाधानानं "बरोबर" म्हणायची.

"समोर कुणी नाही, बरोबर कुणाला म्हणतेस?"

"कुटंतरी एखादी बरोबर सांगतीच की."

पहिले काही पाठ झाल्यावर मी ते साफ केले. आमच्याकडे त्याला एक सोय आहे. रिकाम्या जागा आणि मागची खरखर ती आपोआप काढून टाकते. पाठ निम्म्याला आले. फाईलही हलकी झाली असणार असं धरून मी खुशीत. संध्याकाळी तिला ऐकवलं. आक्का चहाचा कप धरून ऐकत होती, तिनं तो खाली ठेवला.

"ही कोन हाय?"

"तूच."

"मी कवा अशी घाईत शिकवलं? इचारलं आनि लगेच बरोबर? पोरींनी इचार कवा करायचा?"

मी म्हटलं, आपण एक बटण ठेवू. प्रश्नापाशी पाठ थांबेल, पोरींनी बटण दाबलं की पुढे जाईल. जगभर असंच करतात. ती म्हणाली, "बटन लगेच दाबत्यात. बटन काय कुनाची वाट बघतं व्हय? मी थांबलीय हे त्यांना ऐकू आलं पायजे." एवढं बोलून तिला खोकल्याची उबळ आली, ती थांबेना. पाठ चोळताना मला तिचे मणके हाताला लागले. वाद तिथंच संपला.

मूळ फाईल मी ठेवलेल्या होत्याच. त्या सगळ्या थांबण्याच्या जागा, तो घस घस आवाज, मी परत आत घातला. त्यानं वजन फारसं वाढलंही नाही. बोलण्याला जागा लागते, थांबण्याला जवळजवळ लागतच नाही. इतकी वर्षं या कामात असून ही गोष्ट मी कधी तपासून बघितली नव्हती, कारण माझ्या कोर्समध्ये कुणी कुणासाठी थांबतच नव्हतं.

पाठ पुस्तकातल्या क्रमानं चालले होते. आवाज दिवसेंदिवस खोल जात होता. मागचे पाठ ऐकले की मला फरक कळायचा. मी तिला ते ऐकू द्यायचे नाही. दवाखान्यात दाखल व्हायच्या आदल्या दिवशी आम्ही रासायनिक बदलाचा पाठ घेतला. त्यापुढचे पाठ होणार नाहीत हे दोघींनाही कळत होतं. आक्कानं दुधाला विरजण लावल्यावर काय होतं ते सांगितलं. शब्द फाटत होते. मग तिनं विचारलं, "सांगा बरं, दह्याचं परत दूध का होत नाही?" आणि पाठ करून कपाट पुसायला लागली.

ती पुसत राहिली. नेहमीपेक्षा जास्त वेळ झाला. मी वाट बघत होते ती वळायची. डस्टर चालूच. मग तिचे खांदे हलायला लागले तरी हात थांबेना. मी रेकॉर्डर बंद केला आणि उठून तिला मागून धरलं. दोघी रडलो. लहानपणी आई गेली तेव्हा तिनं मला असं धरलं होतं, तेव्हा मी तिच्या कमरेएवढी होते. "बरोबर" म्हणायचं राहून गेलं ते राहिलंच.

ऑपरेशन झालं. ती दवाखान्यात असतानाच मी मोडनिंबला जाऊन आले, कारण पोरींची निघायची वेळ झाली होती. शाळेच्या ओट्यावर त्यांच्या वडिलांचे फोन एकेक करून हातात घेतले, पान उघडलं, पाठ साठेपर्यंत धरून बसले. एकानं विचारलं, "मॅडम कशा हायत?" मी म्हटलं, बऱ्या आहेत. निघण्याआधी मी आक्काला विचारलं होतं, शेवटचा पाठ अर्धा आहे, काढून टाकू का. तिनं उशाशी ठेवलेल्या पाटीवर लिहिलं होतं, राहू दे.

नंतर ती घरी आली. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र मिळतं, ते मी आणलं. त्यातून आवाज येतो, पण सपाट, घरघरणारा, कुणाचाच नसलेला. तिनं ते एकदा वापरून बघितलं आणि कपाटात आत ठेवून दिलं. पाटीवर लिहिलं, पोरी भितील. मी समजूत घातली, भांडले, अबोला धरला. पण जिला बोलताच येत नाही तिच्याशी अबोला धरणं किती वाईट, हे मला संध्याकाळपर्यंत कळलं. भाकरी दुधात कुस्करून तिला दिली आणि तो विषय सोडला.

एका दुपारी तिच्या फोनवर एका मुलीचा आवाजातला निरोप आला. मी तो लावला. आक्का कपाटात धुतलेले कपडे ठेवत होती, माझ्याकडे पाठ. मागे वारा होता, कुठंतरी ट्रॅक्टर चालू होता. पोरगी ओरडून बोलत होती.

"मॅडम, मी कालव्याच्या भरावावर आलीय, हितं रेंज येती. तो दह्याचा पाठ हाय का, तो पुढं जात न्हाय. पुसायचा आवाज येतोय, पर तुमचं बरोबर येतच न्हाय. मी लई येळा लावला. मला वाटलं, अजून कुनी सांगितलं नसंल म्हनून तुमी थांबलाय. तर मी सांगते. दही झालं की ते दूध ऱ्हातच न्हाय, मॅडम. ते दुसरंच कायतरी झालेलं असतंय. म्हनून ते परत येत न्हाय."

आक्का वळली. तिच्या ओठांनी "बरोबर" म्हटलं आणि गळ्याच्या भोकावर बांधलेल्या फडक्यातून नुसती हवा आली.

मी म्हटलं, "मी सांगते तिला, बरोबर आहे म्हणून." तिनं नको अशी मान हलवली. कपाटावरचा डस्टर काढला, फोनकडे बोट केलं. मी बटण दाबून फोन कपाटाजवळ धरला. तिनं दार पुसलं, घस घस, आणि थांबली. मी बोट उचललं, निरोप गेला.

पोरीचं उत्तर लगेच आलं. ती हसत होती.

"आलं की बरोबर! मला म्हाईतच हुतं. मॅडम, आता पुढचं सांगा की. मी हितं रेंजमधीच थांबते."

ट्रॅक्टरचा आवाज तुटला, निरोप संपला. आक्का माझ्याकडे बघत होती. तिला काय सांगावं, त्या पोरीला काय सांगावं, मला काहीच सुचेना. तिनं माझ्या हातातला फोन माझ्याच तोंडाशी आणला. मग आक्कानं माझ्याकडे पाठ केली आणि कपाट पुसायला लागली.