प्लूटोवरची पंगत

माझ्या सासऱ्यांना मी प्लूटोवर विसरून आलो, तेव्हा आमच्या लग्नाला जेमतेम पाच महिने झाले होते.

सासरे दहिसरहून आमच्या मुलुंडच्या घरी पहिल्यांदाच आले होते. नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरी पाणीसुद्धा प्यायचं नाही, ही त्यांची रीत. सुमतीनं मात्र सकाळपासून पुरणपोळीचा घाट घातलेला. "अहो, बाबांना जरा रमवा ना! भूक लागली की बसतील पानावर," ती कुजबुजली. डोळे अगदी भरून आले होते तिचे.

रमवा! शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला असं सांगू नये. मी तडक सूर्यमालाच मांडायला घेतली. दारात नारळ, म्हणजे सूर्य. (सासऱ्यांनीच आणलेला.) सोळा पावलांवर मोहरीचा दाणा, ती पृथ्वी. ऐंशी पावलांवर सुपारी घेऊन शेजारचे आप्पा, तो गुरू. प्लूटो म्हणून खसखशीचा दाणा सासऱ्यांच्या मुठीत दिला आणि मोजून सव्वासहाशे पावलं चालवत त्यांना तबेल्यामागच्या आंब्याखाली उभं केलं.

"इथून सूर्य केवढासा दिसतो, बघा!"

"जावईबापू, मला तर घरसुद्धा दिसत नाही."

"बरोबर! आता हाक मारेपर्यंत हलू नका हं!"

परत येतो तो आप्पा जागेवर, पण सुपारी गायब!

"आप्पा, गुरू कुठाय?"

"खाल्ला! उन्हात किती वेळ उभं राहायचं रे?"

त्यावरून आमची चांगली अर्धा तास जुंपली. तणतणत घरी आलो, तर दारात सूर्यही नाही!

"तो नारळ ना? कटाच्या आमटीत घातला," सुमती ताट वाढता वाढता म्हणाली.

"अगं, सूर्य नाहीसा झाला तर ग्रह भरकटतात, माहितेय?"

"माझे बाबा कुठे भरकटले, ते सांगा आधी!"

वाट लागली! वाढलेलं ताट हातात तसंच घेऊन सुमती धावली, मागून मी. सासरे आंब्याखाली घामाघूम उभे होते, मूठ घट्ट मिटलेली. "हललो नाही हं, जावईबापू," ते म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यांनी ताटाकडे पाहिलं, मग लेकीच्या रडवेल्या तोंडाकडे.

"सुमे, इथून तुझं घर दिसतं का गं?"

"नाही, बाबा."

"मग हे काही लेकीचं घर नव्हे!" म्हणत त्यांनी तिथेच बसकण मारली आणि तीन पोळ्या संपवल्या. सुमती रडता रडता हसत होती. मलाही भरून आलं, पण तेवढ्यात सासऱ्यांनी आमटी मागितली.

नात होईपर्यंत ते दर महिन्याला जेवायला आले, थेट प्लूटोवर. आणि आमटीचं गरम पातेलं न सांडता सव्वासहाशे पावलं जाणारा, येणारा आणि पुन्हा वाढायला जाणारा एकच ग्रह आमच्या सूर्यमालेत शिल्लक राहिला होता : विज्ञानाचे मास्तर!