मोतेगीबाईंनी हसवलेला राक्षस

समजा, तुम्हाला बैलाएवढा एक लगदा जिवंत करायचा आहे. तुम्ही लाकडी चौथऱ्याखाली उताणे पडला आहात. नऊ दोऱ्या बोटांना गुंडाळल्या आहेत, नाकावर चुन्याचं पाणी ठिबकतंय आणि वर काय चाललंय ते तीन बोटं रुंदीच्या फटीतून दिसेल तेवढंच. सांगा, कुठली दोरी आधी ओढाल?

"चौथी," हात्सुनो मोतेगी एका क्षणात सांगतात. पण हे त्यांना कळलं १९६८ च्या जुलैमध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी. त्याआधी बत्तीस वर्षं त्या जपानमधल्या शिमोनिता गावात नवऱ्याबरोबर कोन्याकूचं दुकान चालवत होत्या.

कोन्याकूचा कंद सुरणाच्या जातीचा. त्याचं पीठ पाण्यात घोटायचं, चुन्याचं पाणी घालून पुन्हा घोटायचं, साच्यात ओतून उकळायचं. निघतो तो करडा, लवचिक, बिनचवीचा ठोकळा, मोहरीची चटणी लावून खायचा. "कुणी नावं ठेवली नाहीत आणि कुणी नावाजलंही नाही," मोतेगीबाई म्हणतात. "गिऱ्हाईक खाऊन म्हणायचं, हं, कोन्याकूसारखा लागतोय."

वर्षातून एकदाच त्यांच्या मालाला रुबाब यायचा. ऑगस्टमध्ये शाळेतली पोरं देवळामागच्या काळोखात एकमेकांच्या धीराची परीक्षा घेत. काठीला दोरा, दोऱ्याला ओला कोन्याकू, आणि तो येणाऱ्याच्या गालावर. किंकाळी थेट दुकानापर्यंत ऐकू यायची. मग कुणीतरी कंदील वर करायचं आणि लगेच, "हात्तिच्या, कोन्याकूच होता!" हा 'च' मोतेगीबाईंना फार लागायचा. लख्ख उजेडात, डोळ्यांनी बघून, एका तरी माणसानं आपल्या कोन्याकूला घाबरावं, एवढंच त्यांना हवं होतं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तू समोर उभी राहा, मी घाबरतो."

ती संधी चोफू शहरातल्या एका फिल्म स्टुडिओतून आली. तिथं 'अन्न क्रमांक सात' नावाचा भयपट चालला होता. एक प्राध्यापक भूक कायमची मिटवणारं अन्न प्रयोगशाळेत तयार करतो. प्रयोग फसतो आणि ते अन्नच भुकेलं होऊन टाकीबाहेर येतं. हे भुकेलं अन्न बनवायचं कशाचं? जिलेटिनचं केलं, ते दिव्यांच्या उष्णतेनं वितळून वाहून गेलं. चायना ग्रासचं केलं, त्याच्या पडताना चिरफळ्या झाल्या. शेवटी हिरोसे नावाच्या सहायक दिग्दर्शकाला लहानपणी गालाला लागलेली वस्तू आठवली. एकदा आळला की कोन्याकू तापवून वितळत नाही, हेही त्याला माहीत होतं. पंचेचाळिशीचा हा माणूस ओरडून ओरडून कायमचा घोगरा झालेला. तो स्वतः शिमोनिताला आला आणि मोतेगीबाईंना घोटायच्या लाकडी वल्ह्यासकट घेऊन गेला.

राक्षस झकास झाला, त्याला खालून हलवायच्या दोऱ्याही मोतेगीबाईंच्याच हाती आल्या. पण भीती? पहिल्या खेपेला तो टाकीतून सरपटत बाहेर आला आणि दिव्यांवरच्या माणसांतून आवाज आला, "मोहरी आणा रे, मोहरी!" दुसऱ्या खेपेला प्राध्यापक झालेला नट कुसाकाबे यालाच हसू फुटलं. तो कसलेला नट होता, वीस वर्षं सामुराई म्हणून मेलेला. तिसऱ्या खेपेनंतर दिग्दर्शक उबुकाता यांनी टोपी काढून टक्कल पुसलं.

"मोतेगी-सान, मेहनत दिसते. पण हे जेवण आहे. माणूस जेवणाला कसा घाबरेल?"

"माझ्या सासूचं जेवण तुम्ही खाल्लं नाहीत," मोतेगीबाई म्हणाल्या.

"अजून एकदा. नाही जमलं तर उद्या रबराचा पोशाख घालून माणूस उभा करतो."

मोतेगीबाई पुन्हा चौथऱ्याखाली शिरल्या. दिवे लागले. टाकीचं झाकण उडालं. राक्षस सरकू लागला. कुसाकाबे ठरल्याप्रमाणे दाराकडे मागे मागे जाऊ लागला. तेवढ्यात हिरोसेचा घोगरा आवाज आला, "काकू, ते हसवा! अहो, हसवा लवकर!"

मोतेगीबाई गोंधळल्या. हसवा? पण मोठ्या स्टुडिओतली माणसं, त्यांना कळत असणार. भुकेला राक्षस समोर जेवण दिसल्यावर हसणारच की. प्रश्न एवढाच की कोन्याकू हसतो कसा? त्यांना सासू आठवली. सासू आधी गप्प व्हायची, मग तिचे खांदे हलायचे, मग पोट, आणि आवाज अगदी शेवटी यायचा.

त्यांनी सगळ्या दोऱ्या सोडल्या. राक्षस जागच्या जागी थांबला. मग चौथी दोरी, हलकेच. वरचा भाग थरथरला. मग सहावी, मग चौथी-सहावी आलटून पालटून. सगळा गोळा गदगदू लागला. शेवटी त्यांनी नवव्या दोरीला हिसका दिला, तशी पोटात अडकलेली हवा ओल्या भेगेतून बाहेर पडली. फ्यूऽऽ हिक. फ्यूऽऽ हिक हिक.



"आई गं!" असं कुसाकाबे ओरडला. हे पटकथेत नव्हतं. पटकथेत तो दार उघडून पळणार होता. तो दाराशेजारच्या प्लायवूडच्या भिंतीतून आरपार गेला.

"कट!" उबुकाता ओरडले. "हेच! हेच ठेवायचं!"

हिरोसे मात्र कपाळाला हात लावून चौथऱ्याशी बसला. "काकू, तुम्हाला हसवायला सांगितलं होतं ना?"

"मग हसवला की! याहून जास्त कसा हसवू?"

"अहो, राक्षस नाही! तुमचं वल्हं! टाकीला टेकवून ठेवलंय, कॅमेऱ्यात दिसतंय. आमच्यात हसवा म्हणजे उचला, बाजूला करा."

"मग उचला म्हणा की, बाबा! वस्तू उचलायला हसवा कशाला म्हणता?"

"पहिल्यापासून असंच म्हणतात," हिरोसे म्हणाला. वल्हं चित्रपटात अजून दिसतं. लोकांना ते प्राध्यापकाचं उपकरण वाटतं.

नोव्हेंबरात मोतेगीबाई नवऱ्याला घेऊन ताकासाकीच्या थिएटरात गेल्या. राक्षस हसला आणि थिएटर हसून हसून लोळलं. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांची कवळी निसटली. चित्रपट त्या एका प्रसंगावर सहा आठवडे चालला. उबुकातांनी आभाराचं पत्र पाठवलं. नवरा दुकानात येईल त्याला फ्यू हिक करून दाखवू लागला. म्हणजे घाबरलं कोण? अख्ख्या जपानात एकच माणूस, आणि तोही धंद्यानं नट.

तेव्हापासून मोतेगीबाईंनी कुसाकाबेचा पिच्छा पुरवलाय. नवीन वर्षाच्या प्रत्येक पोस्टकार्डावर शुभेच्छांखाली एक ओळ असते: त्या दिवशी खरंच घाबरलात ना? दर वर्षी उत्तर येतं: मी नट आहे, मोतेगी-सान.

गेल्या हिवाळ्यात तो स्वतः शिमोनिताला आला, गरम पाण्याच्या झऱ्यांना जाता जाता. बाईंनी जेवू घातलं. त्यानं मुळा खाल्ला, अंडं खाल्लं, कोन्याकू मात्र चॉपस्टिकनं ताटाच्या कडेला सरकवला.

"का हो? खा की."

"पोटाला जड जातो."

"कोन्याकू? अहो, त्यात असतं काय जड जायला?"

"मोतेगी-सान, मी वीस वर्षं..."

"माहितीये, सामुराई म्हणून मेलात. मला मरायचं सांगू नका. दार तुमच्यापासून दोन हातांवर होतं. सुतारांनी चार दिवस रंगवलेली भिंत कुठला नट फोडतो? तुमच्या कोपरातून लाकडाची कुसळं काढताना मी होते तिथं."

कुसाकाबे हसला, चहा प्यायला, वाकून नमस्कार करून बूट घालू लागला. मोतेगीबाई त्याच्या मागोमाग उंबऱ्यापर्यंत आल्या.

"एवढंच सांगून जा. त्या भिंतीतून नट गेला, की तुम्ही गेलात?"