ओळंबा हलला त्या दिवशी

सांगलीतल्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत छताच्या हुकाला एक ओळंबा टांगलेला आहे. गवंडी भिंत सरळ आहे का हे बघायला वापरतात तसाच, फक्त जड आणि लांब तारेवरचा. त्याचं टोक खालच्या ताटात पसरलेल्या रांगोळीवर जेमतेम टेकतं. जमीन हलली की रांगोळीत रेघ उमटते. वारा नको म्हणून त्या खोलीत मी पंखा लावू दिलेला नाही. मुलगी उन्हाळ्यात तिथं घामाघूम होऊन अभ्यास करायची, ते दिसत असूनही मी ओळंबा काढला नाही.

माझं लहानपण कोयनानगरच्या वसाहतीत गेलं. वडील धरणाच्या कामावर होते. मोठा भूकंप माझ्या जन्माआधीचा, पण बारके धक्के नेहमीचेच. बारका आला की वडील फक्त "भायेर" म्हणत आणि आम्ही हातातलं टाकून अंगणात पळत असू. मागून मोठा येईल म्हणून तासभर तिथंच बसायचं. का, असं कोणी कधी विचारलं नाही. पहिला ओळंबा वडिलांनीच टांगला. माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, त्याची गरज नसे. तिच्या तळपायांना आधीच कळायचं.

अक्का लग्नानंतरही तिथंच राहिली. मी नोकरीसाठी सांगलीत आलो आणि ओळंब्याचा नाद सोबत आणला. बायको म्हणते, लोक घरात पाहुण्यांची वाट बघतात, तुम्ही भूकंपाची बघता. दाजी तर हसून लोळतात. "पाव्हणं, आमच्याकडचा धक्का तुमच्या सांगलीला पोचंस्तवर आमचा चा पिऊन झालेला असतोय." खोटं नाही ते. फक्त अक्का दर रविवारी फोन करून विचारायची, रेघ आली का.

गेल्या श्रावणात एका रविवारी दुपारी अंघोळ करून आलो तर रांगोळीत बोटभर रेघ. मी तसाच अक्काला फोन लावला आणि म्हणालो, "अक्का, भायेर."

तिनं तव्यावरची भाकरी तशीच टाकली आणि मागच्या दारानं निघाली. बाहेर पाऊस, पायरीवर शेवाळ. ती घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं.

फोन ठेवून मी गॅलरीत गेलो तेव्हा मागच्या प्लॉटवर बोअरचं मशीन धडधडत होतं. लगेच पुन्हा फोन लावला. कोणी उचलला नाही.

कराडला तिचं ऑपरेशन झालं. बायको एवढंच म्हणाली, आता तरी काढा ते. बोअरचं मी कोणालाच सांगितलं नाही. धक्का आला होता, असंच सगळे समजून चालले होते.

अक्का वॉकर धरून चालायला लागल्यावर भेटायला गेलो. ती पडवीत खुर्चीवर बसली होती, चपला काढून, दोन्ही तळपाय फरशीवर दाबून. दाजींनी सांगितलं, दिवसभर अशीच बसते, झोपत नाही, न्हाणीचं दारसुद्धा लावू देत नाही.

अक्का मला म्हणाली, "तुला सांगलीत बसून कळला आन मला हितं न्हाई. माझं पायच मेलं रं."

मला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी चहा प्यालो आणि परत आलो. पुढच्या भेटीतही तेच केलं. बसमध्ये घाट उतरताना पाय मेले या भीतीत बसलेली अक्का डोळ्यांसमोर यायची, आणि खरं ऐकल्यावर तिनं माझं तोंड बघितलं नाही तर, असंही वाटायचं.

तिसऱ्या भेटीत सांगितलं. "अक्का, त्या दिवशी धक्का आलाच नव्हता. मागं बोअर मारत होते. मी न बघता फोन केला."

दाजी आतून येता येता दारातच थांबले. अक्कानं पायांकडे बघितलं.

"म्हंजी मला कळलं न्हाई, ते बराबर हुतं?"

"बरोबर होतं."

"आन तीन महिनं तू गप बसलास."

दाजींनी या वेळी चेष्टा केली नाही. निघताना तिनं विचारलं, अजून टांगलाय का. मी म्हणालो, आज जाऊन काढतो.

"काढू नगंस. पर आता तू मला सांगायचं न्हाई. मी सांगीन, तू बघायचं."

तिनं माफ केलं का, ते मी विचारलं नाही. तिचा फोन येतो, ती म्हणते, "आला." बहुतेक वेळा माझ्याकडे रेघ नसते. पण तिला आता पायऱ्या उतरवत नाहीत आणि मी इतक्या लांब. म्हणून मी पहिल्यांदा विचारतो, दाजी घरात आहेत का. आहेत म्हणाली की मग खोलीत जातो.

परवा म्हणाली, "बाजारला गेल्यात."

मी ओळंबा बघायला गेलो नाही. दाजी परत येईपर्यंत फोन कानाला धरून बसलो, आणि ती काय काय शिजवलंय ते सांगत राहिली.